बैलाचे पाय न लागलेला भात

भंडाऱ्याहून परत आल्यापासून आमच्या सोसायटीतल्या चौघींनी तरी विचारलं, "काय आणलंस?" भंडारा म्हटलं की लोकांना पितळेची भांडी आठवतात, त्यामुळे निदान एखादा तांब्या तरी मी पिशवीतून काढीन अशी त्यांची अपेक्षा होती. मी सांगितलं, "पायलीभर तांदूळ." त्यावर एकीने स्पष्टच विचारलं, की तांदूळ काय इगतपुरीला मिळत नाही, त्यासाठी रात्रभर गाडीत बसून जायचं? मिळतो. पण आईला लागतो तो मिळत नाही. आणि तो मिळाला नसता तर यंदाची पंचमी आमच्या घरात कशी गेली असती, याचा विचारच नको. म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या आईचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यात, आंधळगावापासून तीन-चार किलोमीटरवरचं एक लहान गाव. लग्न होऊन नाशिकला आली तेव्हा ती वीस वर्षांची होती, आज चौऱ्याऐंशीची आहे. ऋषिपंचमीचा उपास तिने एकदाही चुकवलेला नाही. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, नांगर लागलेल्या जमिनीतलं धान्य चालत नाही. नाशकात घरोघरी त्या दिवशी भगर शिजते. आईला भगर चालत नाही. "भगर काय आभाळातून पडते? डोंगरावर बैल जुंपूनच पिकवतात ना?" असं ती विचारते, आणि ती बरोबर बोलते हीच पंचाईत आहे.

तिला लागतं देवधान. तलावाच्या कडेला, उथळ पाण्यात आपलं आपण उगवणारा हा रानातला भात. कोणी पेरत नाही, कोणी नांगरत नाही, देवाने पेरलं म्हणून देवधान. शामरावमामा दरवर्षी पोळ्याच्या आधी ते पाठवायचे. मी टपाल खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यामुळे पार्सल हातात घेतलं की मला वजन कळतं. माझ्या लहानपणी ते पायलीभर असायचं, मग अर्धी पायली झालं, आणि शेवटी शेवटी दोन मुठी, तेही वर्तमानपत्रात गुंडाळून. दोन वर्षांपूर्वी मामा गेले. त्या वर्षी डब्यातल्या उरलेल्यावर भागलं. गेल्या वर्षी डबा रिकामा होता. आई पंचमीला काहीही न खाता राहिली, मधुमेहाची गोळी मात्र ठरल्या वेळेला घेतली, आणि दुपारी न्हाणीघराच्या दारात कोसळली. तीन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात पुन्हा असं झालं तर काही खरं नाही. मी आईला ते जसंच्या तसं ऐकवलं. ती म्हणाली, "मग देवधान आण."

मोहाडी, पोळ्याचा आदला दिवस

तुमसर रोडला उतरले आणि थेट मोहाडीच्या बाजारात गेले. म्हटलं, आधी तांदूळ घ्यावा, मग मामांच्या घरी निवांत जेवायला जावं. मी स्वतःला फार व्यवहारी समजते.

बाजार पोळ्यासाठी सजला होता. झुली, घुंगरमाळा, रंगीत गोंडे, शिंगांना लावायचा बेगड. तांदळाच्या दुकानदाराने माझ्यापुढे पाच-सहा जातींचे तांदूळ तळहातावर घेऊन दाखवले. देवधान म्हटल्यावर तो हसलाच. म्हणाला, त्याला तर आम्ही शेतातून उपटून फेकतो. खरंच आहे ते. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रानभात उगवला की शेतकऱ्याला तो तणच. चांगल्या धानात मिसळतो आणि कापणीच्या आधीच गळून जातो, मग पुढच्या वर्षी पुन्हा हजर. शेजारच्या किराणावाल्याने मोठ्या आपुलकीने भगरीचं पाकीट पुढे केलं. त्या पाकिटावर नाशिकचा पत्ता होता.

ऊन मी म्हणत होतं. भाजी घेऊन बसलेल्या बायकांच्या रांगेत मी टेकले. आमच्याकडे बाजारात पालक-मेथी-कोथिंबीर, इथे निम्मी भाजी रानातली. तरोटा म्हणजे आपला टाकळा, कुड्याच्या लांबट शेंगा, आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, बारीक चिरून पाण्यात ठेवलेले. वास्ते विकणारी बाई माझी चौकशी करायला लागली, कुठून आल्या, कोणाकडे जाता. मी मामांच्या गावाचं नाव सांगितलं आणि देवधानाचंही.

"बाप्पा, मंग इकडं कायले फिरून राहिल्या?" ती म्हणाली. "त्याच गावच्या ढिवरनी तलावात देवधान लावून राहिल्या. भागरथाबाईले विचारा, तिच्यापाशी असंन."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आई मला लहानपणापासून म्हणत आली आहे. वास्ते घेतले आणि ऑटो पकडली. 'लावून राहिल्या' हा शब्द तेव्हा कानावरून गेला, पण आनंदाच्या भरात मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

मामाचं गाव, खांदशेकणी आणि पोळा

मामांचा मुलगा सुधाकर आणि त्याची बायको वर्षा, दोघं शेती बघतात. मी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि अंगणात खांदशेकणी चालली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पळसाचं पान कोमट तुपात आणि हळदीत बुडवून बैलाचा खांदा शेकतात, जिथे वर्षभर जू घासलेलं असतं तिथे, आणि त्याला आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्याकडे लोण्याने किंवा तेलाने खांदा मळतात. पळसाच्या पानाने शेकणं मी पहिल्यांदाच पाहिलं. पान जाड आणि किंचित लवदार असतं, तूप धरून ठेवतं, आणि बैल डोळे मिटून उभा राहतो.

सुधाकरकडे आता एकच जोडी आहे. बाकी सगळं ट्रॅक्टरवर. बैलांचं झाल्यावर तेच पान घेऊन तो ट्रॅक्टरच्या मागे गेला आणि नांगर अडकवतात त्या लोखंडी हुकाला त्याने तूप-हळद चोळली. मी विचारलं, हे काय? तर अगदी गंभीरपणे म्हणाला, "याचा खांदा अथीच हाय ना, मंदाताई." मी इतकी हसले की वर्षावहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली गावचा पोळा भरला. बैल रांगेत उभे, आणि रांगेच्या टोकाला तीन ट्रॅक्टर, तिघांनाही माळा. घरी आल्यावर वहिनीने बैलांना ओवाळून पुरणपोळी चारली आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर एक पोळी ठेवली. ती पोळी पुढे कावळ्याने नेली. दारादारांत पळसाच्या फांद्या रोवलेल्या होत्या, त्यांना इथे मेढे म्हणतात. जेवायला पुरणपोळी, तरोट्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे, आणि या सगळ्याच्या जोडीला भात. इथे भात सकाळी असतो, दुपारी असतो, रात्री असतो. मी दोन दिवसांत भाकरीची चौकशी केली तेव्हा वहिनीला वाटलं माझी तब्येत बिघडली.

भागरथाबाईचं मी विचारलं. सुधाकरला ती माहीत होती, तिच्यापाशी देवधान असतं हे मात्र ठाऊक नव्हतं. बाबा आत्याला काहीतरी पाठवत असत, एवढंच त्याच्या लक्षात होतं. तलावावर सकाळी जाऊ म्हणाला.

पोळ्याचा पाडवा, तलावाची पाळ

पहाटे गलका ऐकून जाग आली. पोरंबाळं, बाप्ये दारातले पळसाचे मेढे उपटून गावाबाहेर नेत होते आणि ओरडत होते, "खासी-खोकला, रोगराई घेऊन जाय गे मारबत." मारबत म्हणजे गावाची पीडा वाहून नेणारी. गावच्या शिवेवर फांद्या टाकून माणसं मागे न बघता परत आली. वहिनी म्हणाली, तुमचंही काही टाकायचं असेल तर टाका. मी मनातल्या मनात आईची साखर टाकली.

मग तलावावर गेलो. पाळीवरून पाहिलं आणि मला आधी काही कळलंच नाही. मी लहानपणी आईबरोबर दोनदा आले होते, तेव्हाचं पाणी आठवत होतं. तसंच होतं. पलीकडे कमळांचा पट्टा, त्याला इथे पोवन म्हणतात, मधे शिंगाड्याचे वेल, आणि अलीकडे उथळ पाण्यात पोपटी, उंच, दाट गवत उभं. वाऱ्याबरोबर सगळं एका बाजूला कलत होतं. सुधाकर म्हणाला, हेच तुमचं देवधान.

तिथे ढिवरांच्या, म्हणजे इकडच्या मासेमारांच्या, सात-आठ बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून काहीतरी उपटत होत्या. त्यांच्यातली कांता नावाची पस्तिशीची बाई बोलायला पुढे आली. मला जवळून पाहायचं होतं, म्हणून मी साडी खोचून चार पावलं उतरले आणि पाचव्या पावलाला गुडघ्यापर्यंत गाळात गेले. दोघींनी काखेत हात घालून मला उपसून काढलं. डाव्या पायातली चप्पल त्या तलावाला अर्पण झाली. कांता म्हणाली, उन्हाळ्यात सापडली तर ठेवते.

पाळीवर बसून तिने जे सांगितलं ते मी कितीतरी वेळ ऐकत राहिले. मधल्या काळात तलावात बेशरम नावाची रानटी वनस्पती माजली होती. तिची जांभळी फुलं मी रस्त्याकडेला पाहिली होती, छान दिसतात म्हणून फोटोही काढला होता. ती कुठून बाहेरून आली आणि तिने तलाव गिळला. पोवन गेलं, देवधान गेलं, पाण्याखालची गाद गेली, म्हणजे ते मऊ शेवाळासारखं गवत, ज्यात मासे अंडी घालतात. मासे गेले तशी ढिवरांची पोटं गेली. शेवटी बायकाच उठल्या. दोन उन्हाळे बेशरम मुळासकट खणली, मग दुसऱ्या तलावांतून एकेक रोप, एकेक मूठ बी आणून लावलं. देवधानाची लोंबी पिकली की हात लावताच गळते, म्हणून दाणा पक्का होण्याआधी पाण्यात उतरून पाच-सहा ताटं एकत्र धरायची आणि शेंड्याला गाठ मारायची. मग दाणा गाठीत अडकून राहतो. कांताने एक पातं घेऊन मला गाठ मारून दाखवली. प्रत्येकीची गाठ वेगळी असते. जिची गाठ तिचा दाणा, कोणी दुसरीची सोडत नाही. मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा ती सुटली.

मी खूश होते. देवधान होतं, भरपूर होतं, पंचमीला चार दिवस होते. गेल्या वर्षीचा दाणा भागरथाबाईपाशी ठेवलेला आहे आणि ती चिखल्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे, असं कांताने सांगितलं. चिखला काही लांब नाही. मी उठणार, एवढ्यात कांता सुधाकरकडे बघून कौतुकाने म्हणाली, "यांच्याच ट्रॅक्टरनं तं नांगरून देल्लं ना आमाले, पार त्या टोकापावेतो. नाही तं हाताने कोठं झालं असतं?"

नांगरून. मी परत खाली बसले. आता तो 'लावून राहिल्या' हा शब्दही आठवला. हे देवाने पेरलेलं नव्हतं, बायकांनी लावलेलं होतं, आणि नांगरलेल्या गाळात लावलेलं होतं. भगरीचा हिशोब जिने साठ वर्षं कधी सोडला नाही, ती हे खाणार होती का? आणि न सांगता तिला खाऊ घालायचं म्हणजे तिच्या आयुष्यभराच्या व्रतात मी माती कालवायची.

त्या संध्याकाळी घरात यावर जो वाद झाला तो मी जन्मात विसरणार नाही. सुधाकर माझ्या बाजूने होता. तो म्हणाला, नेम बैलाचा आहे, ट्रॅक्टर काही बैल नाही, त्याला ना पाय ना कष्ट, आत्याबाईने बिनघोर खावं. मला हायसं वाटलं. मी मान हलवायला लागले होते. तेवढ्यात वहिनी ताट वाढता वाढता शांतपणे म्हणाली,

"परवा त्याचा खांदा कोनं शेकला? तोरनात उभा कोनं केला? पोळी खाल्ली त्यानं. पोळ्यात उभा राहिला थो बैलच झाला ना?"

सुधाकरने ताट पुढे ओढलं. माझी मानही हलायची थांबली, कारण परवा सगळ्यात मोठ्याने हसणारी मीच होते. पळसाच्या एका पानाने आमचा सगळा युक्तिवाद पुसून टाकला होता. रात्री भात गोड लागला नाही.

चिखला

चिखला म्हणजे मँगनीजची खाण. दुसऱ्या दिवशी सुधाकर मला तिथे घेऊन गेला. गावात शिरताच रस्ता काळपट होतो, ट्रकच्या धुळीने पळसाची पानंसुद्धा राखाडी दिसतात. भागरथाबाईचा जावई खाणीत कामाला आहे, तो दिवसपाळीसाठी खाली उतरला होता. कामगार वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात म्हातारी पायांवर बाळ घेऊन त्याला तेल चोळत होती. सत्तरीची, काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. चुलीवर पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. त्याला तलावाच्या पाण्यासारखा, ओल्या गवतासारखा वास होता, आणि तो वास मला ओळखीचा होता. बाळंतिणीसाठी देवधानाची पेज.

मी कोण ते सांगितलं. तिने बाळ लेकीच्या हाती दिलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "यमुनाबाईची लेक? माही माय तुमच्या आजोबाच्या घरी देवधान नेऊन देत जाय. सूपभर धान भेटे आमाले त्याच्या बदली."

मग मी तिला सगळं विचारलं, सरळच. आईचा नेम काय, गेल्या वर्षी काय झालं, आणि आता हे नांगरलेलं तिला कसं चालेल. भागरथाबाईने बिलकूल घाई केली नाही. पेज उतरवली, लेकीला वाढली, हात पुसले आणि माझ्यापुढे येऊन बसली.

"नांगरलं थे खरं हाय," ती म्हणाली. "पन त्या सालचा दाना आमी नाही खाल्ला. एक गाठ नाही मारली कोनं. पिकू देल्लं न पान्यात गळू देल्लं. मंग पुढच्या साली जे आलं थे आपल्या मनानं आलं. त्याले बैल ठाऊक नाही न ट्रॅक्टर ठाऊक नाही. तुमच्या आईले सांगा, भागरथानं गाठ मारली, पेरलं नाही."

मी म्हटलं, एक पूर्ण पीक पाण्यात सोडून दिलं? ती म्हणाली, मग काय, देवधान म्हणायचं तर देवाचा वाटा आधी नको का. हे सांगताना ती जराही मोठेपणा मिरवत नव्हती.

आणि मग तिने ते सांगितलं जे सुधाकरलाही माहीत नव्हतं. बायकांनी हातांनी खणायला घेतलं होतं, तेव्हा एक दिवस शामरावमामा स्वतः ट्रॅक्टरवर बसून पाळीवर आले. कोणी बोलावलं नव्हतं. तब्येत तेव्हाच खालावली होती, गडी चालवत होता आणि हे मडगार्डवर बसलेले. ट्रॅक्टर दिवसभर फिरला आणि मामा दिवसभर उन्हात पाळीवर बसून राहिले.

"आमी म्हनलं, काहून जी, तुमाले तं हे तन वाटते. तं म्हने, माही बहीन तिकडं उपाशी राहीन, बाई."

मी रडले. बाळंतीण घाबरून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. दोन मुठी देवधान वर्तमानपत्रात गुंडाळून आलं होतं तेव्हा मी नाशकात म्हणाले होते, मामा आता कंजूष झाले. ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं, तिथे सांगून टाकलं.

भागरथाबाईने मडक्यातून पायलीभर दाणा मोजला. लालसर, बारका, हाताने कांडलेला. मी म्हटलं, बाळंतिणीचं काढून कसं घेऊ? तर लेकच म्हणाली, न्या, मला कंटाळा आला आहे त्या पेजेचा. म्हातारीने तिला डोळे वटारून दाखवले आणि मग दोघी हसल्या. बदल्यात काही घ्या म्हटलं तर भागरथाबाईने माझी पर्स खाली दाबली आणि म्हणाली, सूपभर धान तुमच्या भावाला द्यायला सांगा, नवा निघाला की. जुनी रीत आहे, तीच बरी. सुधाकरने तिथेच मान डोलावली.

नाशिक, ऋषिपंचमी

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. पिशवी रात्रभर मांडीवर होती, आणि डोक्यात एकच घोळ, आईला सांगायचं की नाही. भागरथाबाईचं म्हणणं मला पटलं होतं. पण आई भागरथाबाई नव्हती. "पहिल्यांदा तरी नांगर लागलाच ना?" एवढं एक वाक्य तिने म्हटलं की संपलं, आणि मग ताट बाजूला, गोळी पोटात, न्हाणीघराचं दार.

पंचमीला आई पहाटेच उठली. आघाड्याच्या काडीने दात घासले, अंघोळ, पूजा. मी देवधान शिजवलं, सोबत दारातल्या अळूची आणि कुंपणावरच्या दोडक्याची भाजी, मीठ-मिरची बेताची. घरभर तो तलावाचा वास सुटला. आई पाटावर बसली. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी समोर बसले होते, गोळी वाटीत ठेवलेली. मनात म्हटलं, मंदा, गप्प बस. आज तरी गप्प बस.

दुसऱ्या घासाला मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. ट्रॅक्टर, त्याचा शेकलेला खांदा, वहिनीचा प्रश्न, पाण्यात सोडलेलं पीक, भागरथाबाईची गाठ. आणि मामा मडगार्डवर बसून आले ते.

मामांचं ऐकताना तिचा हात थांबला. मग ती पुन्हा जेवायला लागली, सावकाश, एकेक घास.

"तलाव तर आमचे बाबाही नांगरायचे," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पाणी मागे गेलं की गाळात टरबूज लावायचे. बैलजोडी असायची. मीच जायची बैलांमागे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, आई, मग इतकी वर्षं? भगरीवरून एवढी भांडलीस ते?

"तुझ्या आजीने मला बाळंतपणं सोडून माहेरी पाठवलं नाही," आई म्हणाली. "कधीच नाही. भाऊ न्यायला आला तर त्याला चहा देऊन परत पाठवायची. पण ऋषीचं व्रत म्हटलं की तिला बोलता यायचं नाही. नांगराचं चालत नाही, देवधानच पाहिजे, ते तिकडेच मिळतं. दरवर्षी शामरावला पाठवावंच लागायचं." ती ताटातल्या शेवटच्या शितांकडे बघत होती, आणि बोलता बोलता तिची भाषा साठ वर्षं मागे गेली. "सालातून एक दिवस मले तिकडचं खायाचं होतं वो. बैलाचं मले काय करनं हाय."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. गेल्या वर्षी ती उपाशी का राहिली होती, ते तेव्हा मला समजलं. नेमासाठी नाही. भाऊ गेला, आता तिकडून काही यायचं नाही, याचा तो उपास होता.

आईने बोटाने ताट पुसून घेतलं, अगदी एक शीत राहू दिलं नाही. उरलेलं देवधान डब्यात भरून ठेव म्हणाली, आणि भागरथाच्या नातवाला कुंची शिवायला घेते, सुधाकरला पत्ता विचार. मग वाटीकडे हात केला.

"आन आता थे तुही गोळी."